तीन लाखांचं बेंगळुरू आणि तीस-चाळीसची साईट

१६८७ साली बेंगळुरू तीन लाख रुपयांना विकलं गेलं. हा व्यवहार मराठी माणसाने आपल्याच घरचा समजायला हरकत नाही, कारण विकायला काढलेला माल भोसल्यांचा होता. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे ठाणं घेतलं तेव्हा शहाजीराजे त्याच्यासोबत होते. पुढे ते त्यांच्या जहागिरीत आलं. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले आणि जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली. १६७७ च्या दक्षिण स्वारीत शिवाजी महाराजांनी वडिलार्जित मुलखात निम्मा वाटा मागितला. भावाभावांचं बोलणं फिसकटलं, लढाई झाली, आणि शेवटी जो तह झाला त्यात बेंगळुरू आणि भोवतालचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी तोडून दिला गेला. व्यंकोजींची गादी तंजावरात; तिथे बसून एवढ्या लांबचं ठाणं सांभाळणं भोसल्यांना जड जाऊ लागलं, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांचा सौदा ठरत आला. तेवढ्यात, जुलै १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान येऊन किल्ल्यात बसला. चिक्कदेवराजांनी तेच तीन लाख मग मोगलांना दिले आणि बेंगळुरू घेतलं.

ही फाईल आजच्या एखाद्या वकिलापुढे टाकून बघा. मूळ मालकी जिंकून मिळालेली, वारसांत वाटणीचा वाद, मिळकत नंतर स्त्रीधनात गेलेली, विक्रीची बोलणी एकाशी, ताबा भलत्याकडे, आणि अखेरचा विक्रेता तर सरळसरळ घुसखोर. कुठलीही बँक यावर कर्ज देणार नाही. तरीही बेंगळुरू म्हैसूरकरांकडेच राहिलं. मध्ये हैदर-टिपू आले, इंग्रज आले, पण शहर म्हैसूरचंच गणलं गेलं. चिक्कदेवराजांकडे असं काय होतं जे तंजावरकरांकडे नव्हतं? रोख तीन लाख, आणि घाई नसणं. विकणारा बदलला तरी त्यांचं काही बिघडलं नाही. भोसल्यांचं मात्र ठाणंही गेलं आणि पैसेही.

जमिनीच्या व्यवहारातली अनिश्चितता हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा भावांवर जाते. बाजार चढेल की बसेल, मेट्रो येईल की नाही, व्याजदर काय होतील. बेंगळुरूतल्या यशवंतपूरपुरतं बोलायचं तर ही चर्चा गेली दहा-बारा वर्षं अखंड चालू आहे. १ मार्च २०१४ ला हिरव्या मार्गावरची मेट्रो यशवंतपूरवरून पीण्या या औद्योगिक वसाहतीपर्यंत धावू लागली आणि स्टेशनभोवतीच्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांकडेही लोक ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ अशा नजरेने बघू लागले. डिसेंबर २०२१ मध्ये तुमकूर रस्त्यावरचा पीण्याचा उड्डाणपूल केबलींतल्या दोषामुळे बंद पडला; हलकी वाहनं दोनेक महिन्यांत सुरू झाली, पण जड वाहनांना तो २०२४ पर्यंत मिळाला नाही. पीण्यातल्या कारखानदाराने याचा हिशोब केला असेल: डिझेल इतकं जास्त, वेळ इतका जास्त, भाडं इतकं कमी. ए.पी.एम.सी. यार्डातल्या कांदा-बटाट्याच्या अडत्यांनीही असाच एक हिशोब वर्षानुवर्षं मनात वागवला आहे, कारण हा व्यापार इथून उचलून दासनपुरला न्यायचा घाट पुन्हा पुन्हा घातला गेला. नाशिक-नगरकडचा कांदा कुठे उतरायचा हे सरकारी आदेशावर ठरत असेल, तर यार्डातल्या गाळ्याची किंमतही त्याच आदेशावर ठरते.

पण हे सगळं मोजता येण्यासारखं आहे. फ्रँक नाईट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये एक भेद मांडला होता: ज्याची शक्यता आकड्यात पकडता येते ती जोखीम, आणि जिथे आकडाच लावता येत नाही ती खरी अनिश्चितता; नफा उगवतो तो या दुसऱ्या प्रदेशात. नाईटला उद्योजक दिसत होता. आपल्याकडच्या जमिनीच्या बाजाराला त्याचा भेद लावला की चित्र वेगळं दिसतं. नफा इथेही अनिश्चिततेतूनच उगवतो, मात्र तो धाडस करणाऱ्याला मिळत नाही. जो थांबू शकतो त्याला मिळतो. आणि ज्याला थांबणं परवडत नाही त्याच्या खिशातून तो काढला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठी यशवंतपूरपेक्षा सोयीची जागा मला दुसरी सुचत नाही.

आधी नावाचाच घोळ पाहा. यशवंतपूर विधानसभा मतदारसंघात यशवंतपूर रेल्वे स्टेशन नाही. मतदारसंघ पसरला आहे तो नैऋत्येला, हेरोहळ्ळी, उल्लाळ, केंगेरीकडे. स्टेशनच्या भोवतालचा यशवंतपूर वॉर्ड महापालिकेच्या जुन्या रचनेत राजराजेश्वरीनगर मतदारसंघात मोडायचा. शिवाय यशवंतपूर नावाची एक होबळी आहे, म्हणजे महसुली मंडल, आणि तिच्यात आजूबाजूची कितीतरी गावं येतात. त्यामुळे खरेदीखताच्या शेवटी जे शेड्यूल असतं त्यात ‘यशवंतपूर होबळी, बेंगळुरू उत्तर तालुका’ हे शब्द वाचून बेळगावहून रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे स्टेशनवर उतरलेल्या माणसाला वाटतं, इथेच कुठेतरी असेल. ती साईट रिक्षाने तासाभराच्या अंतरावरही असू शकते. (प्लॉटला बेंगळुरूत साईट म्हणतात, इथले मराठी लोकही तसंच म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.)

हे शेड्यूल एकदा नीट वाचायला हवं. सर्व्हे नंबर अमुक, त्यातून पाडलेला साईट नंबर तमुक, खाता नंबर. पूर्व-पश्चिम तीस फूट, दक्षिणोत्तर चाळीस फूट. मग चतुःसीमा: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला पुढच्या नंबरची साईट, उत्तरेला खासगी मालमत्ता, दक्षिणेला आणखी एक साईट. हा रस्ता कुणी आखला? नगररचना खात्याने मंजूर केलेल्या आराखड्यात तो आहे, की शेतमालकाने जेसीबी लावून दोन दिवसांत पाडलेला आहे? खरेदीखत यावर गप्प असतं. शेजारची साईटही अशाच एका खताच्या भरवशावर उभी असते आणि तिच्या शेड्यूलात सीमा म्हणून तुमचा नंबर लिहिलेला असतो.

आणि हे खत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं जातं तेव्हा नेमकं काय होतं? १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदवला जातो, मालकी नोंदवली जात नाही. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, हे तपासणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. तामिळनाडूने नियम करून ते त्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला होता. मूळ मालकीचे कागद दाखवल्याशिवाय दस्त नोंदवायचा नाही, असा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण मूळ कायदा अधिकाऱ्याला तो अधिकारच देत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, लाखो रुपयांचं मुद्रांक शुल्क भरून त्याने सरकारकडून घेतली ती एक पोचपावती.

म्हणून बेंगळुरूत एक दृश्य दिसतं, जे बाहेरून आलेल्याला चमत्कारिक वाटतं. रिकाम्या साईटवर लोखंडी पाटी: ‘ही साईट विकायची नाही.’ खाली मालकाचं नाव, फोन नंबर, कधीकधी कोर्टातला दावा क्रमांक. आपली वस्तू विकायला नाही हे जगाला ओरडून सांगावं लागतं, कारण मालक दुबईत किंवा दावणगिरीत असताना कुणीतरी बनावट कागदांवर ती विकून मोकळा होऊ शकतो, आणि तो दस्तही रीतसर नोंदवला जातो. जमिनीच्या मालकीवर इतकं परखड भाष्य कुठल्याही समितीच्या अहवालात सापडणार नाही.

याच व्यवस्थेचं पुढचं फळ म्हणजे बी-खाता. २००७ मध्ये शहराभोवतीच्या सात नगरपालिका, एक टाऊन पालिका आणि शंभरावर गावं जोडून बृहत् बेंगळुरू महापालिका झाली. या नव्या हद्दीत लाखो घरं अशी होती, ज्यांच्या जमिनीचा बिगरशेती आदेश नव्हता किंवा लेआऊट मंजूर नव्हतं. पाडता येत नाहीत, मान्य करता येत नाहीत, पण कर तर घ्यायचा आहे. तेव्हा वेगळ्या वहीत नोंद सुरू झाली, तोच बी-खाता; रीतसर मिळकतींचा तो ए-खाता. त्या वहीतला माणूस घरपट्टी भरतो, पावती घेतो, आणि त्या पावतीने त्याची मालकी वा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, आणि तो धाब्यावर बसवून गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनींवरच्या वस्त्या नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्या कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट घेतले. वीस वर्षांनी ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आणली. मुंबईच्या झोपड्यांची तारीखही १९९५ वरून २००० वर, तिथून २०११ वर अशीच सरकत आली.

तारीख सरकणार हे ज्याला ठाऊक असतं आणि ज्याला तोवर दम धरता येतो, त्याच्यासाठी बेकायदा जमीन ही सवलतीत मिळणारी कायदेशीर जमीन आहे. बी-खात्याची साईट ए-खात्याच्या साईटपेक्षा बरीच स्वस्त मिळते. मोठ्या बँका तिच्यावर कर्ज द्यायला नाखूश, म्हणून गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. दहा साईटी रोखीने घेऊन ठेवणाऱ्याचं यात काही अडत नाही. अडतं ते एकच साईट घेऊन, चढ्या व्याजाचं कर्ज काढून तिच्यावर घर बांधणाऱ्याचं. बेकायदा बांधकामं नियमित करणारी कर्नाटकाची ‘अक्रम-सक्रम’ योजना अनेक वर्षांच्या घोळानंतर अंमलात यायची वेळ आली तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये बी-खात्याचा ए-खाता करून देण्याची नवी मोहीम जाहीर झाली, मार्गदर्शक मूल्याच्या ५ टक्के भरून. ती स्थगिती आणि ही मोहीम यांच्या मधल्या काळात नड आली म्हणून ज्याने साईट विकली, मुलीचं लग्न किंवा आजारपण काढलं, त्याने बी-खात्याचा भाव घेतला. त्याच्याकडून घेणाऱ्याला ए-खात्याचा मिळेल.

नियम पाळून, जास्त पैसे मोजून मंजूर लेआऊटमध्ये घर घेणाऱ्याला या सगळ्याचा राग येतो आणि त्याचा राग खरा आहे. प्रत्येक नियमितीकरण त्याला सांगत असतं की तू मूर्ख होतास. मला तरी यावर एकच उत्तर पटतं: ज्या घरात माणूस राहतो ते घर वेगळं आणि जी साईट तारेचं कुंपण घालून पडली आहे ती वेगळी, हा भेद योजनेने करायला हवा. तो करायला अवघड नाही; विजेचं बिल पुरेसं आहे. कुठलीही योजना तो करत नाही, कारण कुंपणवाल्यांचं वजन राहणाऱ्यांपेक्षा जास्त असतं.

बरं, मंजुरी असली म्हणजे सुटलो, असंही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये पावसाचं पाणी घरांत शिरल्यावर बेंगळुरू महापालिकेने राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचे जुने नाले, मोकळे करायला बुलडोझर काढले. पडलेल्या घरांपैकी कित्येकांकडे पालिकेनेच मंजूर केलेले नकाशे होते, बँकांची कर्जं होती. त्याच वर्षी मे महिन्यात हरित न्यायाधिकरणाने तलावांभोवती ७५ मीटर आणि नाल्यांच्या कडेने ५०, ३५, २५ मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला. त्याआधी शहराच्या आराखड्यात तलावासाठी ३० मीटर होते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि जुनी अंतरं परत आली. या तीन वर्षांत एखादं घर, जागचं न हलता, कायदेशीर होतं, बेकायदा झालं, पुन्हा कायदेशीर झालं. मधल्या काळात ज्याला ते विकावं लागलं त्याला कोणत्या मीटरचा भाव मिळाला असेल?

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे ओ.सी.शिवाय, वीज-पाण्याची जोडणी द्यायची नाही. हेतू चांगला. बेंगळुरूत त्याचा परिणाम असा झाला की तीस-चाळीसच्या साईटवर बांधून पूर्ण झालेल्या घरांना बेस्कॉम या वीज कंपनीने मीटर देणं थांबवलं. या शहरात छोट्या घरासाठी ओ.सी. घ्यायची पद्धतच जवळजवळ नव्हती. रंग लागला, वास्तुशांत झाली, आणि तात्पुरती लाईट ओढून माणसं राहू लागली. काही महिन्यांनी राज्य सरकारने १२०० चौरस फुटांपर्यंतच्या साईटवरच्या छोट्या घरांना सूट दिली. ज्यांचं घर त्या मापात बसत नव्हतं ते तसेच राहिले.

आता आकडा मांडतो. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. घराचा ताबा किंवा वापर तीन वर्षं अडला तर साडेपंधरा लाखांवर हप्ते जातात आणि वर राहत्या घराचं भाडं. तीन वर्षांनी भाव तीस टक्के वाढला तरी हा माणूस फार तर बरोबरीत येतो. शेजारची साईट रोखीने घेऊन ठेवलेल्याचे तेच तीस टक्के निव्वळ नफ्याचे. दोघांची जमीन एक, कागद एक, अडथळा एक. फरक फक्त कुणाला थांबायला किती खर्च येतो याचा. मालमत्तेच्या पुरवण्यांमधले तज्ज्ञ ‘रिअल इस्टेट ही दीर्घकालीन गुंतवणूक आहे’ असं सांगतात तेव्हा ते या दोघांना एकच सल्ला देत असतात.

जे घर घेतच नाहीत तेही सुटलेले नाहीत. बेंगळुरूत ‘लीज’ म्हणून एक प्रकार आहे, कन्नडमध्ये भोग्य. आपल्या जुन्या ताबेगहाणाचा भाऊ. भाडं द्यायचं नाही, घरमालकाला एकरकमी दहा-पंधरा लाख द्यायचे, दोन-तीन वर्षं राहायचं, जाताना मुद्दल परत घ्यायची. यशवंतपूर-मत्तिकेरेच्या गल्ल्यांत विजेच्या खांबांवर अशा घरांचे कागद डकवलेले असतात. गाव सोडून आलेल्या कुटुंबाला हा सौदा गोड वाटतो: पैसा सुरक्षित आणि भाडं शून्य. प्रत्यक्षात त्याने घरमालकाला बिनतारण कर्ज दिलेलं असतं. त्याच घरावर बँकेचं कर्ज असेल आणि ते थकलं, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक घर ताब्यात घेते. लीजचा करार बहुधा स्टँप पेपरवर लिहिलेला, न नोंदवलेला. बँकेपुढे त्याचं वजन किती, ते नोटीस दारावर लागते त्या दिवशी कळतं.

सर्वात विलक्षण गोष्ट मात्र यशवंतपूरपासून थोड्याच अंतरावर, एच.एम.टी.च्या जमिनीवर घडते आहे. एच.एम.टी. १९५३ ची. घड्याळं, यंत्रं, आपल्याकडची कित्येक इंजिनियर मुलं तिथे आणि शेजारच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरीला लागली आणि जालहळ्ळीच्या क्वार्टर्समध्ये त्यांचे संसार झाले. कंपनी आजारी पडली तेव्हा तिने जमिनीचे तुकडे विकले; काही सरकारी संस्थांना, काही खासगी बिल्डरांना. त्यांवर उंच इमारती झाल्या, फ्लॅट विकले गेले, बँकांनी कर्जं दिली. सरकारी कंपनीने विकलेली जमीन म्हणजे सोन्याहून पिवळी, असंच कुणालाही वाटेल. २०२४ मध्ये कर्नाटकाचे वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी सांगितलं की पीण्या-जालहळ्ळीची ही सुमारे ५९९ एकर जमीन १८९६ च्या राजपत्राप्रमाणे राखीव वन आहे. ती वनातून रीतसर कधी वगळलीच गेली नाही. म्हणून पुढचे सगळे व्यवहार पोकळ. त्याच वर्षी एका मोठ्या सिनेमाचा सेट तिथे उभारताना झाडं तोडल्याचा गुन्हाही वनखात्याने नोंदवला.

१८९६! टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला त्याच्या आदल्या वर्षीचा कागद. वकिलांच्या भाषेत ‘मदर डीड’, म्हणजे मूळ मालकीचं खत, शोधायचं, तीस वर्षांचा बोजा दाखला, म्हणजे ईसी, काढायचा, हा इथला शिरस्ता. सव्वाशे वर्षांपूर्वीचं राजपत्र त्या ईसीत कुठून येणार? वनखात्याचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. या शहराला पाच-सहाशे एकर जंगल परत मिळालं तर मला आनंदच होईल. पण वनखातं सरकारचं, एच.एम.टी. सरकारची, तिला जमीन देणारं महसूल खातं सरकारचं, खरेदीखतं नोंदवणारं नोंदणी खातं सरकारचं. चौघांतल्या एकाला जे १८९६ पासून ठाऊक होतं ते उरलेल्या तिघांना कळलं नाही, आणि त्याची किंमत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हप्ते भरणाऱ्याने मोजायची, हे कुठल्या न्यायात बसतं?

तरीही सगळी अनिश्चितता पुसून टाका, मालकी एकदाची पक्की करा, अशी मागणी करणाऱ्यांत मी सहज जाऊन बसणार नाही. कर्नाटकात १९७८ चा पी.टी.सी.एल. कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय विकली गेली असेल तर ती विक्री रद्द आणि जमीन मूळ कुटुंबाला परत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा दावा वाजवी मुदतीत करायला हवा. २०२३ मध्ये राज्याने दुरुस्ती करून मुदतीची अट काढून टाकली. साईट घेणाऱ्याला हा कायदा भुतासारखा वाटतो. पण चार पोती नाचणीच्या बदल्यात अंगठा उठवून ज्या कुटुंबाची जमीन गेली, त्याला न्याय मिळायचा हा एकच दरवाजा आहे. मुलींच्या हिश्श्याचंही तेच. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनीही १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील हयात होते की नाही हा प्रश्नही संपवला. जुन्या गौडांच्या कुटुंबाकडून साईट घेताना बहिणींच्या सह्या आहेत का, हे आता वकील पहिल्यांदा विचारतो. ज्याला खरेदीदार कटकट म्हणतो ती त्या बहिणीच्या आयुष्यातली पहिली मिळकत असते.

थोडक्यात, दुबळ्याला थांबण्याची ताकद देणारी अनिश्चितता मला चालते. बलवानाला आणखी थांबायला मदत करणारी चालत नाही. आणि सरकारच्या आळसातून, चार खात्यांनी एकमेकांची कपाटं न उघडल्यातून जी तयार होते, तिला तर अनिश्चितता हे भारदस्त नावही देऊ नये.

थांबण्याची ताकद नसताना कुणीतरी ती दिली की काय होतं, याचं उदाहरण मराठी माणसापुढे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. नगरपालिकेला तिथे उपनगर वसवायचं होतं, जागा सोडा म्हणून फर्मान आलं. चालता कारखाना रस्त्यावर यायची वेळ होती. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळचा ३२ एकरांचा माळ आणि १० हजार रुपयांचं कर्ज देऊ केलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. जमीन निवडुंगाने भरलेली होती, पण मागे राजाचा शब्द होता. त्याच घराण्याने १९४६ मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली, यशवंतपूरला लागून. त्या कारखान्याच्या सुमारे ४० एकरांवर आज ब्रिगेड गेटवे आहे: मॉल, वर्ल्ड ट्रेड सेंटर, पंचतारांकित हॉटेल, बाराशेवर घरं. एका शहरात जी जमीन सोडावी लागली म्हणून कुटुंब देशोधडीला लागलं असतं, दुसऱ्या शहरात तशीच जमीन पन्नास-साठ वर्षं धरून ठेवता आली म्हणून विजेच्या मोटरींपेक्षा मौल्यवान ठरली.

सामान्य माणसासाठी औंधचा राजा आता कोण होणार? ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये जी पद्धत सुरू केली तिच्यात सरकारी नोंद हीच मालकी असते, आणि नोंदीत चूक निघून कुणाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी वेगळा निधी असतो. आपल्याकडे राजस्थानने २०१६ मध्ये शहरी मालकी प्रमाणित करायचा कायदा केला. नीती आयोगाने २०२० मध्ये नमुना कायदा काढला. आंध्र प्रदेशाने कायदा लागूही केला आणि २०२४ ची निवडणूक त्या मुद्द्यावर तापल्यावर नव्या सरकारने तो रद्द केला. लोकांना भीती वाटली की मालकी ठरवणारा अधिकारीच उद्या जमीन गिळेल. ती भीती अडाणीपणाची नव्हती. मालकी ठरवायचा अधिकार सरकारला आणि चुकल्यास भुर्दंड नागरिकाला, अशीच त्याला आजवरची सवय आहे. म्हणून टॉरेन्सची नोंदवही आणण्याआधी त्याचा भरपाई निधी आणावा, असं मला वाटतं. उलट्या क्रमाने.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकाने नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के केलं. ६० लाखांच्या साईटमागे हा वाढीव एक टक्का ६० हजार रुपये होतो, आणि त्याच्या बदल्यात खरेदीदाराला पूर्वी मिळत होतं त्याहून काहीही जास्त मिळत नाही. तोच एक टक्का वेगळ्या खात्यात टाकावा. सरकारच्याच एखाद्या खात्याने मागून उगवून नोंदवलेला दस्त फोल ठरवला, मग तो वनखात्याचा नकाशा असो, नाल्याचा असो की भूसंपादनाची जुनी अधिसूचना, तर राहत्या घराच्या मालकाला त्या खात्यातून खरेदीची रक्कम आणि भरलेले हप्ते मिळावेत. कोर्टात न जाता, ठरलेल्या मुदतीत. कुंपण घालून ठेवलेल्या साईटला हा लाभ नको. पहिली दहा-वीस प्रकरणं या खात्यातून चुकती झाली की वित्तखातंच महसूल, वन आणि नोंदणी या तिघांना एका टेबलावर बसवून १८९६ पासूनची कपाटं उघडायला लावेल, कारण तोवर थांबण्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या वहीत पडायला लागलेला असेल.